डिफरन्शियलचा दुसरा भाग

करंजमाळ ही पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर बसलेली वाडी. म्हशी, शेरडं, वरकस जमिनीत नाचणी-वरी आणि घरटी एक माणूस मुंबईला. अशा वाडीतली दोन पोरं एकाच वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात पोचली, तीही गणित घेऊन. वाडीला त्याचं कौतुक होतं की धसका, हे तिचं तिलाच ठाऊक. एक महिपतची रंजिता आणि दुसरा काशीबाईचा जितेश. दोघांच्या घरांमध्ये एक गोठा आणि एक फणस, बस्स. पहाटे डोंगर उतरून पोलादपूरला यायचं, तिथून एस्टीने महाडला कॉलेज, आणि संध्याकाळी तोच डोंगर पुन्हा चढायचा. चढताना रंजिता जितेशला गणित समजावून सांगे. दम लागल्यामुळे त्याला मध्ये बोलता येत नसे, म्हणून ते त्याच्या डोक्यात शिरत असे.

त्या वर्षी डिफरन्शियल इक्वेशनचा अख्खा पेपर होता. शिकवायला जाधव सर. तासिका तत्त्वावर नेमलेले, दोन शर्ट आलटून पालटून घालणारे, पण फळ्यापाशी उभे राहिले की वेगळेच दिसणारे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आपल्याला वस्तू ठाऊक नसते. ती कशी बदलते एवढंच ठाऊक असतं. तेवढ्यावरून वस्तू शोधायची, हा या विषयाचा धंदा." रंजिताला ते इतकं आवडलं की त्या दिवशी डोंगर चढताना ती गप्पच होती. तोवर गणित म्हणजे आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेलं पुन्हा सोडवायचं, असं तिला वाटायचं. इथं उत्तर म्हणजे आकडा नव्हता, अख्खी वळणदार रेघ होती, आणि ती आपण काढायची होती. तिला मनापासून आनंद झाला. अभ्यासाने आनंद होतो हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण वाडीत असलं बोलणाऱ्या पोरीची दृष्ट काढतात.

सरांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सांगितलं. वर्गातल्या बाकीच्यांनी ते हातात घेतलं, वजन पाहिलं आणि गाइड आणलं. रंजिता आणि जितेश यांनी मिळून ते एका सीनियरकडून जुनं विकत घेतलं. आता एक पुस्तक आणि दोन घरं. शेवटी जितेशने कोयता आणला, पुस्तक ओट्यावर पालथं ठेवलं आणि पाठीवरून बरोबर मध्यावर उभं कापलं. महिपतने दाभणाने दोन्ही अर्ध्यांना सुतळीची शिवण घातली. पहिला भाग रंजिताने घेतला, दुसरा जितेशने, आणि प्रिलिम झाली की अदलाबदल करायची असं ठरलं. कोयत्याला गणित कुठून कळणार? तो नेमका एका सोडवलेल्या उदाहरणातून गेला. प्रश्न रंजिताच्या शेवटच्या पानावर राहिला, उत्तर जितेशच्या पहिल्या पानावर. दोघं तेव्हा पोट धरून हसले होते.

पेपरचे दोन विभाग असत. पहिला पुस्तकाच्या पहिल्या भागावर, दुसरा दुसऱ्यावर. जाधव सरांनी नाताळपर्यंत पहिला विभाग असा शिकवला की रंजिताला तो झोपेतही आला असता. नाताळची सुट्टी संपली आणि सर आलेच नाहीत. नेमणूक पुढे चालू ठेवली नाही म्हणे. भरल्या पंगतीत अर्ध्या जेवणावरून उठवावं तसं झालं. त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोरांकरवी निरोप तेवढा पाठवला: उरलेलं पुस्तकातून करा, पुस्तक चांगलं आहे. वर्गाने निरोप ऐकला आणि दुसरा विभाग ऑप्शनला टाकला. सुटकाच झाली त्यांची. पहिल्या विभागावर काठावर पास होता येत होतं आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

रंजिताला तेवढं पुरणार नव्हतं. महिपतने तिला शब्द दिला होता. "फस्ट क्लास आन, मी तुला एम.एस्सी.ला मुंबैला पाठवतो. नाय आला तर वैशाखात तुझी मावशी सांगते त्या पोराशी लगीन. मग माज्याशी भांडायचं नाय." महिपत शब्दाचा माणूस होता, दोन्ही बाजूंनी. बाकीच्या पेपरांची रंजिताला भीती नव्हती. पण डिफरन्शियलचा अर्धा पेपर कोरा ठेवून फर्स्ट क्लास मिळत नाही, हे समजायला गणितसुद्धा लागत नाही. तिला जितेशकडचा दुसरा भाग हवा होता. तिचं सगळं आयुष्य त्या भागावर येऊन टेकलं होतं.

आणि माघात धोंडूबाई मेली.

धोंडूबाई म्हणजे चांगूची आई. चांगूचं घर दोन वर्षं वाळीत होतं. बांधाच्या भांडणात तो गावकीपुढे न येता थेट पोलिसांकडे गेला, एवढाच त्याचा गुन्हा. करंजमाळात कायदा गावकीचा. वाळीत टाकलेल्या घराशी बोलायचं नाही, त्यांना विस्तव द्यायचा नाही, वस्तूची देवघेव करायची नाही, आणि बोललेला माणूस कुणी पकडून दिला तर त्याचंही घर वाळीत. म्हातारी मेली तेव्हा चांगूच्या अंगणात एक माणूस फिरकलं नाही. तुडीलहून त्याचे दोन मेहुणे आले. चांगू धरून तीन खांदे झाले, तिरडीला चार लागतात. दुपार कलली तरी म्हातारी अंगणातच. महिपत आपल्या पडवीतून बघत होता. मग तो उठला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि कुणाला न विचारता जाऊन चौथा खांदा दिला.

त्याच आठवड्यात गावकी बसली आणि महिपतचं घर वाळीत गेलं. वाडीचं दूध ज्या जीपने डेअरीला उतरे, त्या जीपने त्याचं दूध घेणं बंद केलं. झऱ्यावर त्याच्या बायकोला सगळ्यांचं झाल्यावर पाणी. फणसाच्या पलीकडून काशीबाई दिवसाकाठी दहादा काहीतरी मागायला यायची, तिने आता तोंड फिरवून अंगण झाडायला सुरुवात केली. चांगलं करायला जावं आणि वर आपल्याच पोटावर पाय यावा, अशी ही आमच्या डोंगरावरची रीत. वाडी आपली छाती पुढं काढून हिला एकी म्हणते.

महाडला तरी गावकी नव्हती. रंजिताने जितेशला कॉलेजच्या व्हरांड्यात गाठलं.

"तुझा भाग उद्या आन. मी माझा आनते. प्रिलिम झाली ना आता."

जितेशने आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं. त्याचा एक चुलतभाऊ महाडच्या एमआयडीसीत कामाला होता, आणि तो कधी कुठून उगवेल याचा नेम नसे. "आनतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रंजिता आपला भाग पिशवीत घालून आली. जितेश म्हणाला, "विसरलो गो." तिसऱ्या दिवशी त्याने तिला जिन्यात पाहिलं आणि तो उलटा वर चढून गेला. त्यानंतर तो कॉलेजला आलाच नाही, आणि अभ्यासाची सुट्टी लागली. दोघंही डोंगरावर. एक फणस आणि एक गोठा यांच्या अंतरावर, आणि बोलायची बंदी.

रंजिताने दुसरे मार्ग काढून पाहिले नाहीत असं नाही. कॉलेजच्या लायब्ररीतली एकुलती प्रत कुणा जुन्या सरांनी घरी नेली होती आणि ती त्यांच्याबरोबर बदलून गेली होती. महाडचा दुकानदार म्हणाला, शाळेची पुस्तकं सोडून मी काही ठेवत नाही. वर्गातल्या नूतनला विचारायला ती नाते गावात तिच्या घरी गेली. नूतन म्हणाली, "अगं, तो विभाग आम्ही कुणी उघडलाच नाही. तूही टाक ना ऑप्शनला. कशाला जिवाला त्रास?" मग तिने पोलादपूरहून मुंबईच्या काकाला फोन केला. काका चांगला माणूस. त्याने तिचा आवाज ऐकला आणि फोन ठेवून दिला. करंजमाळची माणसं मुंबईत जातात, पण वाडी त्यांच्या मानगुटीवर बसूनच जाते.

ती घरी बसून ते अर्धवट उदाहरण सोडवू लागली. पुढची रीत ठाऊक नव्हती, म्हणून तिने चाचपत सुरुवात केली. y च्या जागी x घालून पाहिला, तर समीकरण चोख सुटलं. एक भागिले x घालून पाहिलं, तर तेही सुटलं. त्या दिवशी तिला घास गोड लागला. पण प्रश्नात म्हटलं होतं, सगळी सोल्यूशन काढा. ही दोन आणि त्यांच्या मिसळीतून होणारी मिळाली, त्याहून वेगळं तिसरं कुठं दडलेलं असेल तर? आणखी नाहीच, हे कशावरून? त्याचं कारण दुसऱ्या भागात होतं. ती कागदामागून कागद भरत राहिली, नवं काही सापडेना, आणि नाहीच असंही सिद्ध करता येईना. समोर जितेशच्या पडवीत दिवा दिसायचा. तिला वाटायचं, तो तिथं बसून ते कारण वाचत असेल. तिला त्याचा हेवा वाटायचा, रागही यायचा आणि हे सगळं त्याच्याशी बोलावंसंही वाटायचं.

शिमगा तोंडावर आला तसा तिचा धीर सुटला. महिपत संध्याकाळी न खपलेल्या दुधाचं ताक करून पीत पडवीत बसला होता. "काय गो, चाललाय ना अभ्यास?" त्याने सहज विचारलं.

"कशाचा अभ्यास?" रंजिता कडाडली. "अर्धं पुस्तक त्या घरात, अर्धं ह्या घरात. तुमी मेलेल्या बाईला खांदा दिलात. जित्या पोरीचं काय?"

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. महिपतने भांडं खाली ठेवलं. त्याने तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठून गोठ्यात गेला.

शिमग्याला मुंबईची माणसं आली, देवाच्या ओट्यावर, सहाणेवर, पालखी बसली आणि रिवाजाप्रमाणे गावकीची बैठक भरली. महिपतने नवं धोतर नेसलं, हातात नारळ घेतला आणि रंजिताला म्हणाला, "चल." तिने विचारलं, "कुठं?" तो म्हणाला, "तुजं पुस्तक आनायला."

सहाणेभोवती सगळी वाडी दाटली होती. मधोमध गावकीचा प्रमुख सयाजी, त्याच्या बाजूला मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाचा चंदू, गळ्यात साखळी, मनगटाला घड्याळ. बायका मागे. तिथं पदर तोंडाशी धरून काशीबाई. खांबाला टेकून जितेश बसला होता. रंजिताने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो आपल्या पायाचा अंगठा पाहत होता. चांगूचं घर सहाणेसमोरच, रस्त्याच्या पलीकडे. तो आपल्या दारात उभा होता. माफीचा नारळ आणल्याशिवाय त्याला बैठकीला यायची बंदी होती, पण स्वतःच्या दारात उभं राहायची बंदी घालायचं कुणाला अजून सुचलं नव्हतं.

महिपतने पालखीपुढे नारळ ठेवला. "मला परत घ्या," तो म्हणाला.

सयाजी पान चघळत होता. त्याने घाई केली नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, याचा त्याला मोठा अनुभव. "घ्यायला आमची ना नाय. आपलाच मानूस तू. पन चूक कबूल करायला पायजे."

"काका, एक सॉरी बोलून टाका," चंदू म्हणाला. "मॅटर क्लोज. टेन्शन कशाला घेता?"

"चूक झाली," महिपत म्हणाला.

"कसली चूक? नीट बोल, देवाला कळू दे."

महिपत साठीकडे झुकलेला माणूस. आजवर त्याने बैलालासुद्धा विनाकारण शिवी दिली नव्हती. रंजिताला वाटलं, आपण ओरडावं, नको बाबा, उठा. तिच्या ओठांवर शब्द आलेही. आणि त्याच वेळी तिला ते पुस्तक दिसलं, सुतळीची शिवण घातलेलं, आणि ती गप्प राहिली. हे तिने केलं. हे कुणी तिच्याकडून करवलं नाही.

"धोंडूबाईला खांदा दिला," महिपत म्हणाला, "ती माजी चूक."

"मागच्यांना ऐकू आला नाय," सयाजी म्हणाला.

महिपतने पुन्हा सांगितलं. या खेपेला त्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. चांगू दारात उभाच राहिला. थोड्या वेळाने तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आत मेलेल्या आईचा फोटो असेल, नसेल. असल्या घरात फोटो काढायला तरी कोण जातो म्हणा.

"आणि त्या घराशी तुज्या घराचा संबंध काय?" सयाजीचं अजून संपलं नव्हतं.

"काय नाय."

"तुज्या पोरीला बोलू दे. शिकलेली हाय. उद्या म्हनायची, मला ठावं नव्हतं."

सगळ्या माना रंजिताकडे वळल्या. कॉलेजात तोंडी परीक्षेला ती कधी अडखळली नव्हती. इथंही अडखळली नाही. "चांगूकाकाच्या घराशी आमचा काही संबंध नाय," ती म्हणाली, स्वच्छ, मोठ्याने.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी धरले नसावेत. गाढव पाय धरू देतं आणि वर लाथेचाही मान मागतं.

"झालं, झालं," चंदू टाळी वाजवून म्हणाला. महिपतने तेवढ्यात हात वर केला. "एक मागनं हाय. माज्या पोरीचं पुस्तक जितेशकडं हाय, अर्धं. परीक्षा आली. ते तिला उद्या मिळू दे."

सयाजी जितेशकडे वळला. "काय रे? हाय ना तुज्याकडं? देशील ना उद्या?"

जितेशने मान वर केली. बायकांत काशीबाई खोकली. तो एकदा आईकडे, एकदा महिपतकडे पाहून म्हणाला, "हो. देतो."

घरी येताना महिपत रंजिताच्या पुढे चालत होता. त्याच्या पाठीवर लोक थाप मारत होते. ज्यांनी दीड महिना तोंड चुकवलं, तेच आता म्हणत होते, "बरं केलंस, महिपतराव. चार मानसांत राहायचं म्हंजे चार मानसांचं ऐकायला लागतं." तो सगळ्यांना हो म्हणत होता. रात्री तो जेवला नाही. मात्र झोपण्याआधी रंजिताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आता फस्ट क्लास आन." त्यात टोमणा नव्हता. तो नव्हता, म्हणूनच तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पडवी सारवली, चटई टाकली, आपला भाग मांडला, कोरे कागद ठेवले. तिला लाज वाटत होती आणि तिच्या हाताला घाईही सुटली होती. दोन्ही खरं. आधी ते अर्धवट उदाहरण पुरं करायचं, तिसरं सोल्यूशन का नाही ते बघायचं, मग पुढची प्रकरणं एकेक. पेपरला अजून वेळ होता. जमण्यासारखं होतं.

जितेश फणसाखालून आला. हातात काही नव्हतं. गोठ्याकडे तोंड करून त्याने हाक मारली, "काका, येतो हां," जणू मधले दिवस झालेच नव्हते. गोठ्यातून महिपत म्हणाला, "ये रे, ये." आजपासून दूध पुन्हा जीपने जाणार होतं, तो त्या गडबडीत होता.

जितेश चटईवर टेकला.

"पुस्तक?" रंजिता म्हणाली.

त्याने तिचा भाग हळूच आपल्याकडे ओढला आणि चाळू लागला. "जितेश, पुस्तक कुठं हाय?"

"हळू बोल," तो म्हणाला. "आयनं चुलीत घातला."

रंजिताला आधी ते कळलंच नाही. चूल कळली, पुस्तक कळलं, दोन्ही एकत्र येईनात.

"कधी?"

"तू मागितलास ना कॉलेजात, त्याच रातीला. मी पिशवीत घालत होतो, आयनं बघितला. म्हनली, वाळीतल्या घरची अर्धी वस्तू माज्या घरात नको, कुनी गावकीला सांगितला तर आपन पन जानार. मी धरला होता गो. तिनं ओढून घेतला. पानी तापवायला घातला सगळा."

"म्हंजे तू विसरला नव्हतास."

"कसं सांगनार तुला?"

"आणि काल?" रंजिताचा आवाज तिच्या ताब्यात राहिला नाही, तिने तो दाबला. "काल बैठकीत बाबा उभे होते. नारळ ठेवायच्या आधी तुला ठावं होतं. तुला विचारलं त्यांनी. तू हो म्हनालास."

"सगळ्या मानसांसमोर आयचं नाव घेऊ? आनि मी आधीच सांगितला असता तर काका माफी मागायला आले असते काय? आले नसते." जितेश आता थोडा धीट झाला. त्याला खरंच वाटत होतं की आपण शहाणपणाचं बोलतोय. "बघ, एका अर्थी बराच झाला ना. वाळीत किती दिवस राहनार होतात तुमी? आता दूध पन जाईल. आनि मला तर पैला भाग पन नीट येत नाय. तू सांगितल्याशिवाय मला कळत नाय, तुला म्हायती हाय. दुसरा टाकू ऑप्शनला. पैला तरी करू दोघं. मी काठावर निघेन तेवढ्यावर."

म्हणजे त्याला ती हवी होती. वाळीतून बाहेर काढलेली, पूर्वीसारखी डोंगर चढता चढता गणित सांगणारी. त्यासाठी तो खांबाला टेकून बसला आणि त्याने एका म्हाताऱ्या माणसाला देवापुढे खोटं बोलू दिलं. रंजिताने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर तिला इतका त्रास झाला नसता. तो आपला साधा, भित्रा, सोयीचा माणूस होता, आणि असल्या माणसांवरच गावकी उभी असते. त्याच्या थोबाडीत मारावी म्हणून तिने हात उचलला, आणि मग तिला आठवलं की कालच्या बैठकीत चांगूला तोडणारं एक वाक्य तिचं स्वतःचं होतं. हात खाली आला.

गोठ्यात चरवीत दुधाची धार वाजत होती. ती थांबली.

"रंजे," महिपतने आतून विचारलं, "गावला काय गो पुस्तक?"

रंजिताने गोठ्याच्या दाराकडे पाहिलं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मग तो माणूस चरवी हातात धरून तिथेच उभा राहिला असता, आणि त्याला कळलं असतं की त्याने आपलं जन्मातलं एक चांगलं काम सगळ्या वाडीसमोर थुंकून टाकलं ते कशासाठी, तर काशीबाईच्या चुलीतल्या राखेसाठी.

"गावलं, बाबा," ती म्हणाली.

"सगळी पानं हायत ना?"

"सगळी."

"मग बसा आता. नि मोठ्यानं वाच जरा, मला पन ऐकू दे."

दुधाची धार पुन्हा सुरू झाली. रंजिताने आपला भाग जितेशच्या हातातून ओढून घेतला, पहिलं पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. ते तिला कधीचंच पाठ होतं, त्यामुळे डोळ्यांपुढे अक्षरं नीट दिसत नव्हती तरी अडलं नाही. महिपत दूध काढता काढता ऐकत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा ती वाचतेय तो भाग कुठला, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.